जवळ अडकलेलं भिंग

मिनलने यंत्राच्या टेकूवर हनुवटी ठेवली आणि कपाळ पट्टीला लावलं. सहा महिन्यांपूर्वी रहाटणीच्या चष्मेवाल्याने बजावलं होतं, फोनमधून डोकं काढा मॅडम, नजर जवळच अडकून बसेल. तिने ते हसण्यावारी नेलं होतं. परवा हिंजवडीत कंपनीच्या कॅबचा नंबर चार पावलांवरून वाचता येईना, तेव्हा ती इथे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आली.

आतली चांदणी जवळ येईल, मग लांब जाईल, डॉक्टर म्हणाल्या. डोकं न हलवता तिच्याकडे बघत राहायचं.

चांदणी जवळ आली, लांब गेली, पुसट झाली. एक वाजला होता. दीडच्या आत सुटायला हवं होतं. रोज दीडला, मिनलच्या एक वर्षाच्या मुलीला, साचीला, सांभाळणाऱ्या गिरजाबाई तिला कॉटमध्ये ठेवून घरातल्या कॅमेऱ्यातून नाहीशा होत. दहा मिनिटं. ऑफिसात मिनल डबा तसाच ठेवून फोनमधल्या त्या कॉटकडे बघत बसे.

डॉक्टरांनी स्क्रीन वळवली. काळ्यावर करड्या रंगात तिच्या डोळ्यातल्या भिंगाची दोन चित्रं. जवळ बघताना ते फुगतं, लांब बघताना चपटं होतं, त्यांनी समजावलं. मिनलचं दोन्ही चित्रांत फुगलेलंच होतं.

"लांब बघतच नाही आहात तुम्ही."

"बघतेय की."

"भिंग नाही म्हणतंय. दिवसभर जवळून एवढं काय बघता?"

तिने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला.

"मुलगी," ती म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे, तिला सांभाळणाऱ्या बाई."

थेंब घातले. अर्ध्या तासाने पुन्हा हनुवटी, पुन्हा चांदणी. या वेळी भिंग सैल पडलं. आता उद्यापर्यंत जवळचं धूसर दिसेल, डॉक्टर सहज बोलून गेल्या. मिनलने घाईने फोन काढून कॅमेरा उघडला. नुसते रंग. हात लांब केला, तरी रंगच. खिडकीबाहेर मात्र रस्त्यापलीकडच्या फ्लॅटच्या जाहिरातीवरचा नंबरसुद्धा वाचता येत होता.

कामाच्या वेळेत तिने गिरजाबाईंना कधी फोन केला नव्हता. सगळं दिसतच होतं. नंबर डॉक्टरांनी लावून दिला.

"मावशी, कुठे आहात?"

"हितंच हाय की, पोरी." तोंडात घास होता. "बाथरूमच्या दारात. साची दिसतीय मला हितनं. खेळतीय."

"तिथे काय करताय?"

पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज आला.

"जेवतीय. आठ म्हैने झालं, हितंच जेवतीय. त्या कॅमेऱ्याम्होरं घास उतरत न्हाई बघ. ठेवू का? झालंच माझं."

"सावकाश जेवा," मिनल म्हणाली. फोन तिने कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडे भाकरी मोडल्याचा आवाज येत राहिला. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली, तरी ती उठली नाही.

तुमच्याकडेही लेकरू सांभाळायला कुणी येत असेल. ती कुठे बसून जेवते, तेवढं आज विचारून घ्या.