मोगरीच्या आवाजाआडून

मित्रांनो, अंगणात आडवा पडलेला मला पाहून तुम्ही म्हणाल, हा तर नुसता ओंडका. पण मी झाडाच्या सालीचं कापड कुटायचा पाट आहे. टोंगाच्या व्हावाऊ बेटावर या घरच्या मेलेनाइतेच्या आजोबांनी मला घडवलं. पाठ तासून सपाट केली, पोट कोरून पोकळ केलं. त्यामुळे माझ्यावर मोगरी पडली की आवाज तिसऱ्या घरापर्यंत जातो. चाळीस वर्षं बायका माझ्यावर साल कुटून रुंद करताहेत. लग्नाला, मयताला ते कापड लागतंच. पाहुणे कापडाचं कौतुक करतात. माझं कोण करणार?

ऐकलं मात्र मी पुष्कळ. कळलं किती, ते विचारू नका.

आमच्याकडे बहिणीच्या अंगाविषयीचा शब्द भावाच्या कानावर पडू देत नाहीत. मेलेनाइतेचा मोठा मुलगा सेमिसी सदा ओसरीवर जाळं दुरुस्त करत बसलेला. म्हणून पंधरा वर्षांच्या लेकीला, सेलाला, असलं काही सांगायचं झालं, की मेलेनाइते मोगरी जोरात हाणायची आणि त्या आवाजाआडून बोलायची. एका सकाळी तिने एवढंच सांगितलं, "पोरांना खेटून बसू नकोस. पोट वाढेल." मलाही ते पटलं. लाकडाला काय ठाऊक?

महिन्याभराने सेला कुटायला बसली. तिची मोगरी सालीवर कमी, माझ्यावरच जास्त पडत होती.

"आई, पाळी आली नाही. दहा दिवस वर झाले."

मेलेनाइतेची मोगरी हवेतच राहिली. ओसरीवर सेमिसीने मान वर केली.

"कूट, थांबू नकोस," ती पुटपुटली. "कोण आहे?"

"बँडमधला पेनी."

"काय केलंत?"

"बसलो. ट्रकमध्ये, चर्चहून येताना."

"मग?"

"मग बसलोच होतो."

"अगं, त्यानंतर?"

"त्यानंतर आपलं घर आलं. मी उतरले."

मेलेनाइते मला अशी बडवू लागली की साल फाटली. ती हसत होती की रडत होती, मला अजून उमगलेलं नाही.

"नुसतं बसून काही होत नाही, येडे."

"तूच म्हणालीस. मला वाटलं, आता शाळा सुटणार. दहा दिवस घास उतरला नाही माझ्या घशाखाली." सेलाने डोळे पुसले. "मग कशाने होतं?"

"म्हणजे... नवराबायको..." पुढचं मोगरीखाली गेलं.

"ऐकू येत नाही. तुला तरी माहीत आहे का?"

"दोन बाळंतपणं झालीत माझी."

"मग सांग ना."

"माझ्या आईनेही मला बसण्याचंच सांगितलं होतं. लग्नात मी तुझ्या बापापासून हातभर लांब बसले होते."

मग तिने मोगरी खाली ठेवली. एवढी शांतता मला सोसेना.

"सेमिसी, किनाऱ्यावर जा."

"आत्ता? ऊन किती आहे."

"जा रे बाबा. मला तुझ्या बहिणीशी बोलायचंय."

सेमिसीचे कान लाल झाले. जाळं तिथंच टाकून तो गेला.

मेलेनाइतेने सांगितलं. अडखळत, कधी मातीत बोटाने रेघा ओढत. पाळी तुझ्या वयात पुढेमागे होते, म्हणाली. दोनदा म्हणाली, "हे मलाही नीट माहीत नाही. दवाखान्यातल्या नर्सला दोघी जाऊन विचारू." सेला विचारतच राहिली. मला निम्मं कळलं नाही.

कापड त्या दिवशी वीतभरही पुढे गेलं नाही.

मित्रांनो, मला ओलीत टाकू नका, वाळवी लागते. आणि घरातल्या मुलीने काही विचारलं, तर हातातलं काम खाली ठेवा. मयताचं कापडसुद्धा एक दिवस थांबतं.