त्रेपन्न किलो

मोटारसायकलच्या मागच्या सीटखाली, डाव्या बाजूला, साडी नेसलेल्या बाईला पाय टेकवता यावेत म्हणून एक लोखंडी पट्टी असते. ती दुमडते. आमच्या गाडीवरच्या पट्टीची बिजागरी गंजली होती. जोर लावल्याशिवाय हलत नसे. मी ती संध्याकाळी वर करायची. सकाळी ती खाली असायची.

गाडी ह्यांची. दोन वर्षांपूर्वी, शहाण्णव साली, येवल्याला लग्नाला जाताना विंचूरच्या चौफुलीवर हे कांद्याच्या टेंपोवर आदळले आणि जागीच गेले. मीही जाणार होते. पण मी शिकवते त्या कॉलेजात मुलांच्या प्रॅक्टिकल परीक्षा लागल्या आणि हे एकटेच निघाले. पोलिसांनी परत दिलेली गाडी तेव्हापासून जिन्याखाली उभी होती. पुढून चेपलेली, मागून जशीच्या तशी.

माझा भाऊ पुण्यातल्या एका कॉलेजात माझ्या नोकरीसाठी शब्द टाकून बसला होता. दर रविवारी फोनवर विचारायचा, काय ठरलं. मी म्हणायची, बघते. घर सोडलं तर ह्यांना एकटं टाकल्यासारखं होईल, असं वाटत राहायचं.

त्या आठवड्यात अकरावीला द्विमितीय टक्कर शिकवायची होती. मी ह्यांच्या अपघाताचंच गणित घातलं, कुणाचं ते न सांगता. पूर्वेकडे मोटारसायकल, चालकासह एकशे ऐंशी किलो, सेकंदाला पंधरा मीटर. वेगाचा काटा तिथेच अडकला होता. उत्तरेकडे कांद्याचा टेंपो, अठराशे किलो, सेकंदाला दहा मीटर. तो ब्रेकच्या खुणांवरून काढलेला. दोन्ही वाहनं एकमेकांत अडकून घसरली. कोणत्या दिशेने?

भारतने शेवटच्या बाकावरून विचारलं, मॅडम, कांदा ओला धरायचा का सुकलेला? वर्ग हसला, मीही हसले. मग पूर्वेचा संवेग वेगळा, उत्तरेचा वेगळा, असं करत मुलं उत्तरापर्यंत आली. उत्तरेपासून साडेआठ अंश.

पंचनाम्यात घसरल्याच्या खुणा अकरा अंशांवर होत्या. तो आकडा मी फळ्यावर लिहिला आणि विचारलं, फरक कशामुळे पडला असेल?

मखमलाबादच्या फूलमळ्यातली सुवर्णा बराच वेळ वहीत खाली मान घालून होती. ती उभी राहिली.

"मॅडम, गाडीवर मागं कोणीतरी बसेल हाय. त्रेपन्न किलोचं."

तिच्या बोलीत 'बसेल' म्हणजे बसलेलं. मला ते ठाऊक होतं. पण माझं लहानपण पुण्यात गेलं, आणि माझ्या कानांनी ते माझ्याच बोलीत ऐकलं: कोणीतरी बसेल. अजून बसायचं आहे. माझं वजन त्रेपन्न किलो आहे.

मी आकडेमोड दोनदा तपासली. बरोबर होती. सुवर्णाला शाबासकी दिली, फळा पुसला.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. जिन्याखाली गाडीच्या सीटचा पुढचा भाग दबलेला दिसला, आणि त्यावर धूळ नव्हती. मागच्या भागावर मात्र होती. मी दोन पावलं जवळ गेले तशी गाडी हळूच डावीकडे कलली. मला चढता यावं म्हणून हे पाय टेकून कलवायचे, तेवढीच.

मी थांबले.

"अहो, मी बसणार नाही," मी म्हणाले. "मी पुण्याला जातेय."