पायांतला भाता

दोना एर्मेलिंदांची छडी कधी पाठीवर पडली नाही. ती पडायची घोट्यावर. पाठीवरचा वळ रविवारी चर्चमध्ये चार बायकांना दिसतो, घोट्याकडे कोण बघतंय? आणि दोना म्हणजे बाईसाहेब, घरंदाज. घरंदाज माणसं मारत नाहीत, वळण लावतात.

केरोबिनाच्या पायांना वळण नव्हतं, हे मात्र खरं. पियानोवर हात पडला की खाली पाय चालायला लागायचे. डावा, उजवा, डावा, उजवा. त्याला कारण होतं. कुडतरीच्या त्यांच्या वाडीवरच्या कपेलात, छोट्या चर्चमध्ये, एक जुनी पायपेटी होती, आणि खुर्चीवरून पाय जेमतेम टेकत होते तेव्हापासून केरोबिना ती वाजवत होती. लग्न असो, मयत असो, संताचं फेस्त असो, पेटीवर केरोबिना. पायपेटीचा कायदा एकच: पाय थांबले की भाता रिकामा, आणि भाता रिकामा की आवाज मेला. वर हात काय करतात ते बोटांनी बघावं, खाली पायांनी थांबायचं नाही. बारा वर्षांत हे तिच्या पायांत इतकं मुरलं होतं की झोपेतसुद्धा चादर खाली सरकायची.

पियानोचं नेमकं उलटं. तिथे पाय हलवायचे ते सांगितल्यावर. आणि पाय टेकायला जागा मात्र तीच, गुडघ्यांच्या बरोबर खाली, शेजारी शेजारी दोन पट्ट्या, म्हणजे पेडल. उजवी दाबली की वाजलेला सूर मिटत नाही, मागे घुमत राहतो. डावी दाबली की आवाज दबतो. पायपेटीवर वाढलेल्या मुलीला याहून मोठा सापळा कुणी मुद्दाम लावला नसता.

"पुन्हा हलला." छडी.

"चुकले, दोना."

"तू नाही गो चुकत. तुझे पाय चुकतात. ही काय शिंप्याची मशीन आहे?"

सोफ्यावर पाय मुडपून बसलेली योलांदा हसली. ती दोनांची भाची, त्यांना 'तिया' म्हणणारी, त्याच परीक्षेला बसणारी. तिच्या घरी स्वतःचा पियानो होता, वर फोटो मांडलेला.

दोना शिकवायच्या कशा, तर केरोबिनाच्या दोन्ही पावलांवर वेताची छडी आडवी ठेवायच्या. पाय उचलला की छडी घरंगळे, घरंगळली की घोट्यावर बसे. जिथे पेडल लागे तिथे त्या छडीचं टोक उजव्या पावलावर टेकवून म्हणत, "दाब." मग, "सोड." पाय दबायचा, सुटायचा. म्हणजे पेडल केरोबिना वाजवतच नव्हती, छडी वाजवत होती. सगळ्या गावाला दोना सांगत फिरायच्या की माडी काढणाऱ्याच्या पोरीला मी फुकट शिकवते. फुकट म्हणजे असं की केरोबिनाची आई पियेदाद दर सोमवारी त्यांच्या घरच्या चादरी, पडदे, टेबलक्लॉथ विहिरीवर धुऊन, नीळ घालून, वाळवून द्यायची. मायलेकी आत येत मागल्या दाराने. पुढल्या दाराने पाद्री येत, डॉक्टर येत, आणि योलांदा येई.

परीक्षा चार दिवसांवर आली होती. वर्षातून एकदा लंडनहून परीक्षक मडगावला यायचा. ही वरची परीक्षा पास झाली तर मडगावच्या कॉन्व्हेंटच्या माद्रेने, तिथल्या मुख्य सिस्टरने, जूनपासून संगीत शिकवायची जागा देऊ केली होती. नाही झाली तर मावशी रेमेद होतीच. ती कुवेतला एका अरबाच्या घरी मुलं सांभाळायची, आणि शेजारच्या घरात केरोबिनासाठी तिने शब्द टाकून ठेवला होता. पासपोर्ट तयार होता. मावशी सुट्टीवर आली होती ती जाताना हिला घेऊनच जाणार होती. मधलं काही नव्हतं. पियानो, नाहीतर कुणाच्या तरी पोरांचे लंगोट.

"दोना, एक विचारू?"

"विचार. हात थांबवू नकोस."

"परीक्षेला तुम्ही आत असाल ना?"

"आत परीक्षक आणि देव. तिसरं कुणी नाही."

केरोबिनाने पावलांवरच्या छडीकडे पाहिलं. "मग एकदा छडी न ठेवता वाजवून बघू? तुम्ही बाहेर बसा. मी एकटीच. पाय काय करतात ते कळेल तरी."

"एकटी? या दिवाणखान्यात?" दोनांची नजर काचेच्या कपाटावरून फिरून आली.

"आधी चमचे मोजून ठेवूया, तिया," योलांदा म्हणाली.

दोनांनी तिला दटावलं नाही. "हे बघ, बाय. पाय खाली ठेवून बसायला घरात बसायची सवय लागते. तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माडावर. त्याला मी काय करू? आत गेलीस की एक लक्षात ठेव. काही झालं तरी थांबायचं नाही. आणि परीक्षकाशी एक शब्द बोलायचा नाही. थांबला तो मेला. चल, सुरवातीपासून."

छडी पुन्हा पावलांवर आली. आणि पाय, लाज सोडलेले पाय, लगेच गप्प झाले. तेव्हाच केरोबिनाला कळलं की हे शहाणे झालेले नाहीत. हे फक्त घाबरलेत.

घरी ती जेवणाच्या टेबलावर बोटं वाजवून बघायची. खाली पाय डावा, उजवा.

"बाय, कुठे निघालीस?" पियेदाद माशाला मसाला लावता लावता म्हणायची. "कुवेतला चालत जायचा विचार आहे?"

आईला हसू यायचं, तिला रडू. परीक्षेच्या आदल्या सकाळी ती पायरीवर बसून समोर बघत होती. बाप, इनास, अंगणातल्या नव्या माडावर चढत होता. जुन्या माडांना पाय ठेवायला खाचा पाडलेल्या असतात, याला अजून नव्हत्या. इनासने काथ्याच्या दोरीचं कडं दोन्ही पावलांत अडकवलं आणि बेडकासारखा वर गेला. पाय एकमेकांपासून वीतभरही लांब जाऊ शकत नव्हते. तिने ते हजारदा पाहिलं होतं. त्या दिवशीही नुसतं पाहिलं आणि उठून फ्रॉकला इस्त्री करायला गेली.

परीक्षा मडगावात एका क्लबच्या वरच्या मजल्यावर. बाहेर व्हरांड्यात बाकं, बाकांवर मुली, मुलींच्या शेजारी आया, आयांच्या हातात पंखे. दोना मधोमध बसल्या होत्या. पियेदाद जिन्याच्या तोंडाशी उभी होती, कुणी बस म्हटलं नव्हतं म्हणून. केरोबिनाच्या पायात मामेबहिणीचे बूट होते, बोटं चेंगरवणारे. तिला वाटलं, बरंच आहे, जखडलेले राहतील.

आत एक म्हातारा गोरा सर्दीने बेजार होऊन रुमाल घेऊन बसला होता. "सुरू करा," तो म्हणाला आणि कागदाकडे बघू लागला.

पहिला तुकडा जलद होता. त्यात पेडलचं कामच नव्हतं. पहिल्या ओळी स्वच्छ गेल्या. मग एक अवघड जागा आली, ती ओलांडताना केरोबिनाने श्वास धरला, आणि खाली पाय चालू झाले.

तिला आधी कानांनी कळलं. सूर मिटेनात. एकावर एक चढले, गर्दीत माणसं माणसांवर पडावीत तसे. लगेच डावा पाय दाबला गेला आणि सगळा गोंधळ उशीखाली घातल्यासारखा दबला. पुन्हा उजवा. तिने पाय खेचायचा प्रयत्न केला, तो ऐकेना. छडी नव्हती ना. ती घाबरली, आणि घाबरलेल्या पायांना एकच गोष्ट येत होती. ते आणखी जोरात भाता मारू लागले. चर्च भरलंय, पेटी मरता कामा नये! वर बोटं बरोबर पडत होती, एकही चुकत नव्हतं, आणि ऐकू येत होता तो चिखल. परीक्षकाची पेन्सिल कागदावर टेकली. दाराबाहेर दोना खाकरल्या.

थांबला तो मेला.

केरोबिना थांबली.

वरच्या पंख्याची करकर ऐकू आली. परीक्षकाने मान वर केली.

"सर, थांबले मी," ती कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत म्हणाली.

"ते कळलं मला."

"माझे पाय पायपेटीवर वाढलेत, सर. चर्चमधल्या. ते आपोआप चालतात. मी..." मग डोळ्यांपुढे बापाची पावलं आली, काथ्याच्या कड्यातली. "मी ते बांधून घेऊ का?"

म्हाताऱ्याने नाक पुसलं. "बांधून? कशाने?"

तिने उत्तर द्यायच्या आधीच फ्रॉकचा कापडी पट्टा सोडला होता.

"नियमात असं काही नाही," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे मनाईही नाही. पण दुसऱ्या तुकड्यात पेडल लागतं. त्याचे गुण मी देऊ शकणार नाही. आणि थांबल्याचेही जातील."

"जाऊ देत, सर."

"मग लवकर. बाहेर रांग आहे."

तिने बूट काढून फेकले. घोट्यांना पट्टा गुंडाळला, एक वेढा, दोन वेढे, स्टुलाच्या दांडीला अडकवला आणि दातओठ खाऊन गाठ मारली. त्याच घोट्यांना, जिथे छडीचे डाग होते. मग पहिल्यापासून वाजवलं.

पाय तडफडत होते. पट्टा कातडीत रुतत होता, स्टूल थरथरत होतं, पण सूर सुटे सुटे बाहेर आले, धुतलेल्या भांड्यांसारखे. दुसरा तुकडा संथ. त्यात पेडलशिवाय सूर जोडायचे कसे? पायपेटीवर बोट उचललं की आवाज गेलाच, म्हणून पुढचं बोट बसेपर्यंत ती मागचं उचलतच नसे. ती तसंच वाजवत गेली, एका बोटाला दुसऱ्याच्या हवाली करत. दोन ठिकाणी हात पुरला नाही. तिथे भोकं पडली, कुणालाही ऐकू येतील अशी. तिने ती झाकायचा प्रयत्न केला नाही.

"झालं," परीक्षक म्हणाला. पण ती गाठ सोडेपर्यंत त्याने पुढचं नाव पुकारलं नाही.

व्हरांड्यात दोना उभ्याच होत्या.

"थांबलीस! आणि वर तोंड उघडलंस! सगळ्या मडगावासमोर माझं नाक कापलंस. फुकट शिकवल्याची ही परतफेड?"

पंखे हलायचे थांबले. केरोबिनाच्या एका हातात बूट होते, दुसऱ्यात पट्टा.

"फुकट नाही, दोना. दर सोमवारी आई तुमच्या चादरी धुते. तुमच्या पडद्यांचा मळ तिच्या नखांत आहे."

"ऐकलंत? ऐकलंत हिचं?"

"आणि माझ्या पायांना तुम्ही पेडल शिकवलंच नाही. छडी शिकवलीत. आज आत छडी नव्हती."

योलांदाचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, केरोबिनाच्या घोट्यांवरच्या लाल कड्याकडे तिने पाहिलं, आणि न हसता आत गेली.

निकाल आला तेव्हा मावशीच्या पेट्या बांधून झाल्या होत्या. केरोबिना पास झाली होती. काठावर, अगदी रडतखडत. पायांचे सगळे गुण कापले होते, हातांनी तारलं होतं. योलांदाला तिच्याहून बरेच जास्त मिळाले. पण योलांदाच्या घरच्या मुली पगार घेत नाहीत, त्या पियानोवर फोटो मांडतात. जागा केरोबिनाला मिळाली. मावशी रेमेद चिडून एकटीच गेली.

दोनांनी गावभर सांगितलं, माझी विद्यार्थिनी पास झाली. दुसऱ्या आठवड्यात त्यांची स्वयंपाकीण इनासच्या दाराशी आली. दोन सोमवार गेले, म्हणाली, चादरींचा ढीग पडलाय, दोना विचारतायत पियेदाद का येत नाही.

पियेदाद पायरीवर मासे साफ करत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "पियेदादचे पाय बांधून ठेवलेत."