बारदान काढून

मित्रांनो, मी वजनकाटा आहे. जुना, लोखंडी आणि स्वतःविषयी थोडा ताठ. काट्यानेच ताठ राहायचे नाही, तर मग राहायचे कोणी?

माझी घडण कुठे झाली ते मला नीट आठवत नाही. आठवते ते धामणगाव बढ्याच्या रस्त्यावरच्या सरकीच्या तेलाच्या कारखान्यापासूनचे. तिथे मला बॉयलरच्या दाराशी बसवले. कोळशाची प्रत्येक हातगाडी आधी माझ्या पाटावर चढायची, मगच आत जायची. जानराव माझे काटेवाले. रोज सकाळी ते मला पुसायचे, सांध्यांत तेल सोडायचे आणि नव्या माणसाला एकच धडा द्यायचे, "आधी रिकामी गाडी चढव बे. तिचं वजन वजा कर. बारदान काढल्याबिगर वजन सांगू नको!"

बारदान म्हणजे मालाभोवतीचे ओझे. पोते असो, टोपले असो, नाहीतर गाडी. जानराव तर सोयरिकीच्या बैठकीतही म्हणायचे, "ते समदं बारदान काढून सांगा, पोरगा कसा हाये?"

कोळसा ओढणाऱ्या सतरा जणांत पंचफुलाबाई होत्या. अकरा वर्षे त्यांनी गाडी ओढली. घरची चूल त्यांच्या एकटीच्या हातांवर पेटायची. सकाळी आल्या की माझ्या दांडीवर थाप मारून विचारायच्या, "कसा हायेस बे काट्या?" मला बोलता येत असते तर मी रोज म्हणालो असतो, बाई, तुम्ही आलात की बराच असतो.

पुढे जानराव निवृत्त झाले आणि कंपनीने कोळसा सोडायचे ठरवले. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उगीच जळून जाणाऱ्या पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या झाडांच्या, दाबून कांड्या करायच्या आणि त्या बॉयलरला घालायच्या. छपरावर सौर पाट्या आल्या. धूर खरोखर कमी झाला. खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. कोळशाच्या भुकटीने माझे सांधे कायम धरलेले असायचे.

पण कांड्या फिरत्या पट्ट्यावरून सरळ आत जाऊ लागल्या. गाडी नको, गाडी ओढणारे नकोत आणि मीही नको. फाटकावर मात्र पाटी लागली होती, 'कोळसा सोडू, कामगाराला सोडणार नाही.' सतरा जणांना दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले. प्रत्येकाला पिवळी टोपी आणि प्रमाणपत्र मिळाले, सगळ्यांचा फोटो निघाला. मग चौघांना ठेवून घेतले आणि बाकीच्यांना 'बोलावतो' म्हणून घरी पाठवले. माझी रवानगी शेडमागे झाली. कोणीतरी माझ्यावर खडूने लिहिले, 'भंगार'.

पंचफुलाबाई दर सोमवारी यायच्या. व्यवस्थापक शालिग्राम साहेब म्हणायचे, "पुढच्या सोमवारी पाहू." मग त्या शेडमागे येऊन माझ्या पाटावर बसायच्या आणि भाकरी सोडायच्या. पिवळी टोपी पिशवीत घडी घालून ठेवलेली असायची. त्यांचे वजन महिन्यागणिक उतरत होते, मित्रांनो. हे माझ्याइतके नेमके कोणाला कळणार?

अशाच एका सोमवारी धम्मशीला नावाची तरुणी आली. कंपन्या दिलेला शब्द किती पाळतात, हे मोजणे तिचे काम. धूर किती घटला ते पाहायचे आणि कामगारांचे काय झाले तेही. कोळशाचे जुने आकडे ज्या काट्यावर घेतले, तो काटाच खोटा असेल तर पुढचा हिशेब वाया, म्हणून ती मला शोधत शेडमागे आली. शालिग्राम साहेब सोबत होते. पंचफुलाबाई भाकरी घेऊन माझ्या पाटावरून बाजूला सरकल्या.

तिने सरकारी शिक्क्याची वीस किलो वजने भरलेली पेटी माझ्यावर ठेवली. दांडी हलेना! माझी तर लाजेने मान खाली गेली. पंचफुलाबाईंनी पुढे होऊन ठेच्यावरच्या तेलाचे दोन थेंब माझ्या सांध्यात सोडले. झोंबले, पण दांडी हलली.

"बावीस दाखवतोय," धम्मशीला म्हणाली. "दोन किलो जास्त. खोटा आहे हा."

पंचफुलाबाई हसल्या. "त्या पेटीचं बारदान कोण काढन, ताई?"

धम्मशीला ओशाळली. तिने रिकामी पेटी चढवली. बरोब्बर दोन किलो! माझी मान पुन्हा वर आली.

"मावशी, तुम्हाला तर सगळं माहीत आहे. नाव काय तुमचं?"

"पंचफुला."

तिने कंपनीने दिलेली यादी उघडली. "पंचफुलाबाई... हां, नववं नाव. पुढे लिहिलंय, 'नवे काम मिळाले.' कोणतं काम करता आता?"

"काम?" पंचफुलाबाईंनी पिशवीतली पिवळी टोपी काढून दाखवली. "कामाचीच तर वाट पाहून राह्यली मी. सात महिने झाले."

शालिग्राम साहेब घाईने म्हणाले, "प्रशिक्षण झालं न त्यायचं! सही हाये, फोटो हाये."

धम्मशीलाने त्या रिकाम्या पेटीकडे पाहिले. "साहेब, टोपी, सही, फोटो हे बारदान झालं. ते काढून सांगा, हाताला काम किती जणांच्या?"

साहेबांनी यादीतल्या नावांवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "चार."

अहवालात दोन्ही आकडे छापले गेले. धूर निम्म्याहून कमी झाला, याची शाबासकी मिळाली. शेजारीच होते, सतरांपैकी चार. शालिग्राम साहेब आठवडाभर धुसफुसत होते. पण माणूस मनाचा वाईट नव्हता. पऱ्हाटीच्या मोळ्या थेट शेतकऱ्यांकडून घ्यायला त्यांनी केंद्र उघडले. तिथे तोलायला माणसे हवी होती, ओली मोळी हाताने ओळखणारी हवी होती. मला धुतले, रंगवले, नवा शिक्का मारून आणला. आणि एका सकाळी माझ्या दांडीवर ओळखीची थाप पडली.

"कसा हायेस बे काट्या?"

मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही, हे त्या दिवशी बरेच झाले.

यंदा धम्मशीला पुन्हा आली. तिने विचारण्याआधीच शालिग्राम साहेब म्हणाले, "बारदान काढून अकरा." पंचफुलाबाईंनी मोळी उतरवता उतरवता पुस्ती जोडली, "सहा बाकी हायेत, साहेब. मी मोजून राह्यली."

मला तेल देत जा, गंज चढू देऊ नका, एवढे तर मी मागेनच. पण कोणी मोठा आकडा अभिमानाने सांगू लागला, तर त्याला आमच्या जानरावांचा तो एक प्रश्न नक्की विचारा, बारदान काढून किती?