वीस मिनिटांची सोपी वाट

पर्यटन कचेरीतला लेखनिक जन्मात एकही डोंगर चढला नव्हता, आणि त्याच्या पत्रकांवर भरवसा ठेवून अर्धं शहर डोंगर चढत होतं. ‘वीस मिनिटांची सोपी वाट, लहानथोरांना झेपेल अशी. माथ्यावरून सात तळी दिसतात.’ हे त्याने जुन्या पत्रकातून उतरवलं होतं. जुन्यात कुठून आलं, देव जाणे!

त्या पत्रकाची घडी आईच्या पर्समध्ये असायची. शेजारणींना वाचून दाखवायची ती. एका रविवारी म्हणाली, "चल, तुझी सात तळी बघू." त्याने तिच्या गुडघ्यांचं कारण पुढे केलं, तर म्हणे, "सोपी आहे, तूच लिहिलंयस ना?" आता बोला!

पहिल्याच फाट्यावर त्याला एका बाईला वाट विचारावी लागली. पाऊण तास झाला तरी माथ्याचा पत्ता नव्हता, आणि आई दर दहा पावलांवर टेकत होती. खरं सांगून परत फिरावं, असं त्याच्या ओठांवर यायचं. पण आईला अख्ख्या जगात त्याच्याएवढा हुशार माणूस दुसरा दिसत नव्हता. तेवढंही गेलं तर काय उरलं?

एवढ्यात वरून एक गृहस्थ मुलीला खांद्यावर घेऊन घामाघूम उतरले. हातात तेच पत्रक होतं.

"वीस मिनिटं म्हणे! हे लिहिणारा भेटू दे एकदा, चांगली खोड मोडतो त्याची."

लेखनिक बुटाची नाडी बांधायला वाकला. ती सुटलेली नव्हती.

आई मात्र तरातरा उठली. "अहो, वीसच लागतात. बरोबर लेकरू नाहीतर माझ्यासारखी म्हातारी असली की उशीर होणारच. लिहिणाऱ्याचा काय दोष?"

माथा आला तेव्हा दोन तास झाले होते. खाली तळी होती तीन. आईने बोट फिरवत मोजली.

"सात आहेत रे."

त्याला भडभडून आलं. "आई, मी इथे कधी आलोच नव्हतो गं."

"ते फाट्यावरच कळलं मला."

"मग त्या माणसाला तसं का सांगितलंस?"

"परक्यासमोर काय सांगायचं?" तिने पर्समधून पत्रक आणि पेन काढून त्याच्या हातात दिलं. "खोड आता, आणि तीन लिही. शेजारणींना मी सांगते, चार आटली म्हणून."