कांद्याच्या मुळाशी

मी एक जुनी बुरशी आहे. नाक मुरडू नका मित्रांनो, मी शिळ्या पावावरची नव्हे. शास्त्रज्ञांनी आम्हाला पूर्वी तिच्याच गोतात बसवलं होतं. पुढे आमचा वेगळा संघ मानला, तेव्हा कुठे तो शिक्का पुसला गेला. आम्ही जिवंत मुळांत शिरून राहतो. बारीक धाग्यांनी लांबून स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणून झाडाला देतो, झाड आम्हाला साखर देतं. मुळाशिवाय आमचं पान हलत नाही.

माझं जंगल तुटलं. त्याआधी एका संशोधक बाईंनी तिथली ओंजळभर माती आणली होती. प्रयोगशाळेच्या खिडकीत, निकस वाळूच्या कुंडीत, कांद्याच्या मुळाशी त्यांनी मला जगवलं. माझे बीजाणू काचेखाली दाबून त्या बीजाणूंच्या भिंतीचे थर न्याहाळत. "कुठल्याच जातीत बसत नाहीस गं तू," म्हणत आणि हसत. मला फार बरं वाटे. नवं नाव द्यायचं तर ताजे बीजाणू पुष्कळ हवे होते. ते मी धरत होते.

मग त्यांची आई आजारी पडली. गावी जाताना त्यांनी कुंडी मोठ्या भावाकडे सोपवली. दादाचा जन्म रोपवाटिकेत गेलेला. "फक्त पाणी घाल," त्या म्हणाल्या. पण ती फिकट, किडकिडीत पात पाहून दादाला राहवेना. त्याने पाण्यातून खत दिलं, तेही सढळ हाताने.

पात तरारली. स्फुरद आयतं मिळू लागल्यावर कांद्याला माझी गरज उरली नाही. त्याने साखर द्यायचं थांबवलं. माझे धागे एकेक करून वाळले. रागावू तरी कोणावर? दादावर तर मुळीच नाही. पण पोरकं वाटलं खरं.

आईचं सगळं आटोपून बाई परतल्या. कुंडी सांभाळण्यापायी दादाची आणि आईची शेवटची भेटही झाली नव्हती. बाईंनी कांद्याचं मूळ निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. माझे धागे निळे दिसायला हवे होते. मूळ कोरं होतं.

"दादा, खत घातलंस का रे?"

"थोडंसं. मरायला टेकलं होतं गं. बघ, आता कसं झालंय."

बाईंनी पातीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "छान वाढलंय."

आता वाळूत माझे थोडे म्हातारे बीजाणू उरलेत. शेजारी त्यांनी नवं बी लावलं आहे. त्याच्या मुळाची चाहूल लागते, पण धागा बाहेर काढायचं बळ नाही. मित्रांनो, कोणाला जपायचं ठरवलंत, तर त्याला काय लागतं ते आधी नीट जाणून घ्या. बाई रोज सकाळी कुंडीवर वाकतात आणि हळूच विचारतात, "आहेस ना गं?"