वाऱ्याच्या आडची खिडकी

स्वरूपाने टेबलावरचा बंगला पुन्हा एकदा मोजला. पुढे आठ उंच खांब, मागे सहा. खिडक्या सव्वीस, लाकडी झडपा बावन्न. छपराला सुईएवढी भोकं दोनशे बारा, आणि प्रत्येक भोकातून दाब मोजायला खाली गेलेली एक बारीक नळी. मूळ घर कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर, अगदी किनाऱ्याला होतं. हे त्याचं पन्नासपट लहान रूप, जपानमधल्या त्सुकुबातल्या विंड टनेलसाठी, म्हणजे वाऱ्याचा मारा तपासायच्या बोगद्यासाठी केलेलं.

बावन्नच्या बावन्न झडपा बंद होत्या. गोंदाने चिकटवलेल्या.

"अगं, रिपोर्ट बांधून झालाय," शिरीष म्हणाला. तो तिच्याहून चार वर्षांनी सीनियर. सही त्याची होती. "सेकंदाला साठ मीटरचा वारा सोसायला हवा. आपलं छप्पर एकाहत्तरपर्यंत टिकतंय. आता काय त्या खांबांची पूजा घालणार आहेस?"

तिने सकाळी आलेला फॅक्स त्याच्यापुढे सरकवला. वादळात तुम्ही काय करता, असं तिने त्या घराच्या म्हाताऱ्या रखवालदाराला विचारलं होतं. उत्तर सहा ओळींचं होतं. खाली समुद्राचं पाणी शिरतं, म्हणून तो आणि त्याची बायको वरच्या मजल्यावर थांबतात. घरात हवा कोंडू नये म्हणून वाऱ्याच्या आडची एक खिडकी उघडी ठेवतात. वडिलांपासूनची रीत.

"आडचीच आहे ना? मग बिघडलं कुठे?"

"वादळाचा डोळा, मधला शांत भाग, जाईपर्यंत आडची. मग वारा उलटा फिरतो, शिरीषदादा. तीच खिडकी समोर येते. वारा आत शिरतो आणि छप्पर खालून उचलतो."

शिरीषने फॅक्स परत वाचला.

"मग बंद ठेवा म्हणून कळव त्यांना."

"बापाची रीत माझ्या नुसत्या शब्दावर सोडतील? तुम्ही सोडाल?"

शिरीषने रिपोर्ट बाजूला सरकवला.

मॉडेल कार्यशाळेतल्या मोरी-साननी केलं होतं, चार महिने खपून. स्वरूपा त्यांच्यासमोर कमरेत वाकली. "चूक माझी. झडपा उघड्या असतात का, हे मी आधी विचारलंच नाही."

"वादळात खिडकी उघडी?" मोरी-सान म्हणाले. "आमच्याकडे सगळ्यात आधी झडपा लावतात. मलाही विचारावंसं वाटलं नाही."

"एक कापावी लागेल. मी कापू?"

"तुम्ही नको." त्यांनी चष्मा पुसला, खणातून केसासारखी बारीक करवत काढली. "कुठली?"

तिने वरच्या मजल्यावरची, समुद्राकडची दाखवली. डोळा गेल्यावर वारा तिकडूनच येणार होता.

झडपेची दोन्ही पानं निघाली, तेव्हा मोरी-साननी ती टाकून न देता आगपेटीत ठेवली. शिरीषने बंगला उचलून टनेलमध्ये नेला आणि उघडी खिडकी वाऱ्याकडे केली. पंखा सुरू झाला. स्वरूपाने तीन वेळा मोजलं, दर वेळी पंखा थांबवून, अगदी पहिल्यापासून.

शिरीषने रिपोर्टची पिन काढून ठेवली होती.

छप्पर उचललं जाण्याचा वेग, सगळ्या झडपा बंद असताना: सेकंदाला एकाहत्तर मीटर. एक खिडकी उघडी असताना: त्रेपन्न.